गुवाहाटीचा अलार्म वाजला नाही

फोन वाजला तेव्हा प्रेमलता वर्तक केळीच्या ओळीत घोट्याइतक्या चिखलात उभ्या होत्या. सोमवारची सकाळ, साडेसात. विहीर चुलत भावांच्यात सामाईक, आणि पाणी लावायची पाळी आज त्यांची होती. पाळी चुकली की पुन्हा चार दिवस थांबा. पण कंपनीला कुणाच्या पाळीचं काय पडलंय?

"मॅडम, भावेश बोलतोय. शनिवारी गुवाहाटी साडेतीन तास बंद होतं."

"कोणी सांगितलं?"

"हॉस्पिटलवाल्यांनी. त्यांची मशीनं तिथेच आहेत ना."

"आपल्या बोर्डावर दिसलं नाही?"

"नाही ना! तोच तर लोच्या आहे. अलार्म वाजलाच नाही. कोणी बंद केला ते पण मिळालंय. तुम्ही फक्त येऊन सही करा. चार वाजता पत्र द्यायचंय."

"कसलं पत्र? कोणाला?"

"डिलनला. काढून टाकायचं."

प्रेमलताबाईंनी मोटर बंद केली. सही करायला बोलावतात आणि त्याला तपास म्हणतात! बावीस वर्षं अंतर्गत तपास अधिकारी म्हणून काम करून बाईंचं डोकं आता अशा वाक्यांनी लगेच तापायचं.

कंपनीचं काम सांगायला सोपं आहे. दुसऱ्यांचे संगणक आपल्या हॉलमध्ये ठेवायचे, थंड ठेवायचे, चालू ठेवायचे. असे हॉल तीन गावांत: वसई, नागपूर आणि गुवाहाटी. तिन्हींवर नजर मात्र वसईतूनच. इथल्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर बोर्ड आहे; गुवाहाटीत गरम झालं की वसईत भोंगा वाजतो. वाजायला हवा.

गेले तीन महिने हे नजर ठेवायचं सॉफ्टवेअर बदलायचं चाललं होतं. आधी वसई नव्यावर गेली. तीन आठवड्यांपूर्वी गुवाहाटी गेलं. येत्या रविवारी नागपूर जाणार होतं. ह्या मायग्रेशनने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता. जुनं चालत होतं ते बदललं, आणि नव्याचं एकेक बटण शोधण्यात माणसांचे दिवस जात होते.

वसईची इमारत औद्योगिक वसाहतीत, अगदी टोकाला. लिफ्ट बंद. तळमजला मोकळा, नुसते खांब आणि वॉचमनची खुर्ची. प्रेमलताबाई जिना चढल्या. पहिल्या मजल्यावर 'हॉल १', दुसऱ्यावर 'हॉल २' आणि त्याला लागून कंट्रोल रूम. वर पोचेपर्यंत त्यांचा श्वास आणि संताप दोन्ही चढले होते.

भावेश शाह दारातच उभा होता. मायग्रेशनचा प्रमुख. आठ महिन्यांपूर्वी वडोदऱ्याहून आलेला, हुशार, आणि प्रत्येक गोष्ट काल संपली पाहिजे अशा घाईत. त्याच्या केबिनच्या भिंतीवर तिन्ही इमारतींचे नकाशे त्याने स्वतः काढून लावले होते. गुवाहाटीच्या नकाशात खालच्या चौकोनात एक, वरच्या चौकोनात दोन.

"हे बघा." त्याने स्क्रीन फिरवली. "शुक्रवार, दुपारी दोन वाजून सहा मिनिटं. गुवाहाटी, हॉल एक, म्यूट. लॉगिन डिलनचं. आणि हॉल म्यूट केला की त्यातलं काहीच वाजत नाही."

"म्यूट करायला कोणी सांगितलं होतं?"

"गुवाहाटीचा मेल होता सगळ्यांना. शुक्रवार-शनिवार फर्स्ट फ्लोअरच्या हॉलमध्ये एसीचं सर्व्हिसिंग आहे, तेवढा अलार्म बंद ठेवा. म्हणजे हॉल दोन! ह्याने एक दाबला. शनिवारी खालच्या हॉलचा एसी गेला, मशीनं तापून बंद पडली. सर्व्हिसिंगवाले वरती. त्यांना वाटलं, खाली काय झालं तर वसई फोन करेल."

"आणि वसई बसली हिरवा बोर्ड बघत."

"लॉग तर खोटं नाय बोलत ना, मॅडम."

"लॉग लॉगिनचं नाव सांगतो, भावेश. बोटांचं नाही. शुक्रवारी दोन वाजता तू कुठे होतास?"

भावेश चिडला. "इथेच! तीन वाजता पाहुणे यायचे होते, बोर्ड दाखवायचा होता. मी आत-बाहेर करत होतो. माझ्यावर संशय?"

"सगळ्यांवर. त्याचाच मला पगार मिळतो."

डिलन तुस्कानो पॅन्ट्रीत बसला होता. जवळच्या गास गावचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा. मे महिन्यात जीनाशी लग्न ठरलेलं. हातातला चहा गार झाला होता. पत्रावर 'निष्काळजीपणा' हा शब्द पडला तर ह्या धंद्यात त्याला कोणी बोर्डासमोर बसवणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि बाईंनाही.

"तू म्यूट केलास?"

"नाय मॅडम."

"लॉगिन तुझं आहे."

"हो."

"मग? भुताने केलं?"

बाईंनी खुर्ची ओढली. "हे बघ, मी पाणी अर्ध्यावर टाकून आलेय. माझ्याशी सरळ बोल."

"लॉगिन उघडं होतं," तो हळूच म्हणाला. "मी लॉगआउट नाय केलं. कोणीच करत नाय. नव्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेर पडून परत आत यायचं तर तीन गावांचा बोर्ड भरायला आठ मिनटं लागतात. तेवढा वेळ भिंत काळी. आणि बोर्ड एक मिनिटसुद्धा काळा ठेवायचा नाय, हा पण नियमच. म्हणून जाणारा उठतो, येणारा त्याच खुर्चीत, त्याच लॉगिनवर बसतो."

"आणि भिंतीवर लिहिलंय की प्रत्येकाने आपलंच लॉगिन वापरावं."

"भिंतीवर खूप लिहिलंय, मॅडम."

बाईंना हसू आलं असतं, वेळ बरी असती तर. "तू उठल्यावर कोण बसलं?"

डिलनने कपात बघितलं. "बघितलं नाय. बॅग भरत होतो. गेटवर दोन नऊला कार्ड दाखवलं."

"गुवाहाटीचा हॉल एक कुठे आहे?"

"खाली," तो ताबडतोब म्हणाला. "तळमजल्यावर. सहा आठवडे होतो ना तिथे. दारावरची पाटी मीच लावली."

"मग नाव का सांगत नाहीस, कोण बसलं ते?"

"सांगितलं ना, बघितलं नाय."

खोटं बोलत होता. पण कशाबद्दल, ते कळेना. गळ्यात फास अडकलेल्या माणसाने तोंड मिटून बसावं, ह्याला काय म्हणायचं!

दोनच्या पाळीला बसणारी क्षितिजा विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायची. बाईंसमोर ती आधीच रडकुंडीला आली होती.

"रजिस्टरमध्ये तू दोन वाजता आल्याची सही केली आहेस."

"सगळेच दोन लिहितात, मॅडम. रस्ता खणून ठेवलाय, रिक्षा हलत नाही. सव्वादोन झाले."

गेटच्या यंत्रात बाईंनी बघितलं. क्षितिजा, आत, दोन चौदा. म्हणजे दोन वाजून सहा मिनिटांनी ही बाई इमारतीत नव्हती. एक नाव गेलं.

"तू आलीस तेव्हा खुर्चीत कोण होतं?"

"कोणीच नाही. बोर्ड चालू, खुर्ची रिकामी."

"मग शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गुवाहाटीचं काही वाजलं?"

"तीनदा! हॉल दोन, गरम, हॉल दोन, गरम. मी म्हटलं, अरे, हे तर सर्व्हिसिंगमुळे बंद ठेवलं होतं ना? मग का बोंबलतंय? प्रत्येक वेळी मी ओके दाबलं आणि सामंत सरांना सांगितलं की म्यूट चालत नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नवीन आहे, होईल हळूहळू. तक्रारीचं तिकीट टाक. टाकलं. एकोणीस तिकिटं टाकलीत मी ह्या सॉफ्टवेअरवर, कोण बघतंय? सगळे म्हणतात मायग्रेशन संपू दे. आमचं डोकं संपलं!"

बाईंनी तिला पाणी दिलं. तिच्या रागात काही चूक नव्हती.

श्रीरंग सामंत हे पाळीप्रमुख. एकोणीस वर्षं ह्याच इमारतीत, एकही ठपका नाही. पुढच्या महिन्यात निवृत्ती. डिलनला नोकरीला त्यांनीच लावलं, काम त्यांनीच शिकवलं. आवाज मऊ, डब्यातली वडी पुढे करणारा माणूस.

"घ्या वर्तकबाई. नारळाची आहे. तुम्ही सकाळपासून उपाशी असाल."

"शुक्रवारी दोन वाजता कुठे होता, सामंत?"

"हॉल एकमध्ये. खाली फेरी मारायला गेलो होतो. वर आलो ते अडीचला."

"कोणी पाहिलं?"

"मशीनं पाहतात का?" ते हसले. मग गंभीर झाले. "पोरगा गुणी आहे हो. पण घाई. लग्न ठरल्यापासून लक्ष नाही. मी काय म्हणतो, वाढवू नका. नाव जाऊ दे वर. तरुण आहे, माझ्या ओळखी आहेत, महिनाभरात कुठेतरी चिकटवून देतो."

"निष्काळजी म्हणून हाकललेल्याला?"

"बघू हो. होतं सगळं."

"तुम्ही गुवाहाटीला गेलाय कधी?"

"छे! वसई सोडून जातो कुठे मी? नालासोपाऱ्याचं घर आणि ही इमारत."

एक वाजला. दोन वाजले. प्रेमलताबाईंच्या वहीत नुसत्या रेघोट्या होत्या. शुक्रवारी दोन वाजून सहा मिनिटांनी कंट्रोल रूममध्ये किंवा आसपास तीन माणसं. एकाचं लॉगिन, एकाची घाई, एकाची वडी. भावेश कारणाशिवाय ओरडत होता, म्हणून त्याच्यावर संशय घ्यायला बाईंना मनापासून आवडलं असतं. पण आवडीने तपास होत नाही, हेच तर दुखणं.

त्यांनी गुवाहाटीचे हॉल सांभाळणाऱ्या बरुआला फोन लावला.

"हॉल वन? मॅडम, ग्राउंड फ्लोअर. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'नीचेवाला', 'ऊपरवाला' असंच लिहिलेलं होतं," तो हिंदीत म्हणाला. "नव्यात फक्त नंबर येतात. आम्हाला काही अडचण नाही, खालून वर मोजायचं."

खालून वर मोजायचं. म्हणजे चूक करणाऱ्याने उलटं मोजलं? वरून खाली कोण मोजतं? काहीच्या बाही! बाई वैतागून जिना उतरल्या. त्यांना हवा हवी होती.

तळमजल्यावर वॉचमन तुळशीदास खुर्चीत बसला होता. मिठागरावर आयुष्य काढलेला, आता गुडघ्यांमुळे इथे.

"एवढा मोठा मजला आणि नुसती तुझी खुर्ची," बाई म्हणाल्या. "इथे मशीन ठेवली असती तर मला दोन जिने चढावे लागले नसते."

"होती ना बाई, पयले हितंच होती. पुरात गेली. कमरेवढं पानी. सामंतसायबानी अन् मी रातभर डोक्यावरनं वर नेली. तवापासनं हा मजला धरतंच नाय कोनी."

बाईंनी खांबाकडे पाहिलं. कमरेच्या उंचीवर मातकट रेघ अजून होती. वसईच्या माणसाला ती रेघ इतकी सवयीची की नजरेत भरत नाही. त्या स्वतः सकाळी तिच्या शेजारून गेल्या होत्या.

त्या धावतच वर गेल्या. बावन्नाव्या वर्षी, बंद लिफ्टच्या इमारतीत. भावेशकडून मायग्रेशनचा तक्ता मागितला, आणि त्यातलं गुवाहाटीचं पान न बघता नागपूरचं उघडलं. चार ओळी वाचल्या. ती पानं कोणी भरली ते खाली नोंदलेलं होतं. मग नागपूरला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या तळमजल्यावर काय आहे?"

"काय असणार मॅडम? मशीन आहेत की."

चार वाजता भावेशच्या केबिनमध्ये चौघे जमले. पत्र टेबलावर होतं. डिलन दाराशी उभा. सामंत खुर्चीत, चष्मा पुसत.

"मी सही करणार नाही," प्रेमलताबाई म्हणाल्या. "आणि का नाही, ते ऐका. मध्ये कोणी बोलू नका, माझं डोकं आधीच दुखतंय."

त्यांनी वही उघडली.

"पहिलं, लॉगिन. ह्या खोलीत पाळी बदलताना कोणीच लॉगआउट करत नाही. का, तर तुम्ही आणलेलं सॉफ्टवेअर आठ मिनिटं भिंत काळी करतं, भावेश, आणि बोर्ड काळा ठेवायचा नाही हा नियमही तुमचाच. म्हणजे शुक्रवारी दोनच्या पुढे डिलनच्या नावावर कोणीही काहीही करू शकत होतं. लॉग खरा आहे, पण तो ह्या तिघांपैकी कोणाकडेच बोट दाखवत नाही."

"मग कोण दाखवतं?" भावेशने विचारलं.

"चूक दाखवते. मेलमध्ये काय होतं? फर्स्ट फ्लोअरचा हॉल बंद ठेवा. नव्या सॉफ्टवेअरला मजला कळत नाही, नंबर लागतो. आता गुवाहाटीच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल म्हणजे किती नंबर? भावेश, तुझ्या भिंतीवर तू स्वतः काढलंय. खाली एक, वर दोन. तू दोनच दाबला असतास. डिलनने तर खालच्या दारावर एकची पाटी ठोकली. झोपेत उठवून विचारलं तरी तो चुकणार नाही. तरी कोणीतरी एक दाबला. धांदलीत बोट सरकलं असं मलाही वाटलं होतं. पण ते बोट सरकलं नव्हतं. त्या माणसाच्या मते पहिला मजला म्हणजेच हॉल एक."

"असं कोण मोजतं?"

"वसई मोजते! आपल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हॉल एक आहे, दुसऱ्यावर दोन. तळमजला पुराचा, तो मोजायचाच नाही. ज्याने पुरात ती मशीन डोक्यावरून वर नेली, त्याच्या हिशेबी तळमजल्यावर संगणक असूच शकत नाही, मग गाव गुवाहाटी असो नाहीतर आणखी कुठलं. तू वडोदऱ्याचा, पुरानंतर आलास. डिलन तिकडे राहून आला. उरलं कोण?"

सामंतांचा हात चष्म्यावर थांबला. "वर्तकबाई, हा नुसता तर्क झाला."

"तर्कावर मी कोणाला धरत नाही. म्हणून मी बघितलं, हीच चूक दुसरीकडे कुठे झाली आहे का." बाईंनी कागद पुढे सरकवला. "नागपूरचं पान. पंधरा दिवसांपूर्वी भरलेलं. तळमजला, रिकामा. पहिला मजला, हॉल एक. खाली नोंद, श्रीरंग सामंत. मी नागपूरला विचारलं. तळमजला मशीनने भरलेला आहे. येत्या रविवारी ह्या तक्त्याप्रमाणे मायग्रेशन झालं असतं तर नागपूरचा अख्खा खालचा हॉल बोर्डावरच आला नसता. तिथे आग लागली असती तरी इथे हिरवंच दिसलं असतं."

भावेशने कागद ओढून घेतला. त्याचा चेहरा उतरला. ते पान त्याने तपासलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसलं.

"आणि शुक्रवारी क्षितिजा तुमच्याकडे आली होती, सामंत. हॉल दोन वाजतोय, म्यूट चालत नाही म्हणून. म्यूट नीट चालत होतं. चुकीच्या हॉलवर चालत होतं. तेव्हा उठून एकदा पाहिलं असतंत तर शनिवार आलाच नसता. पाहिलं नाही, ती चूक. चूक माणसाकडून होते. मला चीड आलीय ती त्यापुढची. शनिवारी तुम्हाला कळलं. तुम्हाला माहीत होतं की त्या खुर्चीत तुम्ही बसला होता. आणि तुम्ही मला म्हणालात, डिलनचं नाव जाऊ दे वर."

सामंतांनी चष्मा टेबलावर ठेवला.

"एकोणीस वर्षं," सामंत शेवटी म्हणाले. "एक महिना राहिला होता. निरोपाच्या वेळी लोक काय म्हणाले असते? आणि हा तरुण आहे. खरंच सांगतो, मी त्याला दुसरीकडे लावून दिलं असतं. मी बोललो पण होतो दोघा-तिघांशी."

"म्हणजे पत्र निघायच्या आधीच तुम्ही त्याची दुसरी नोकरी शोधत होता," बाई म्हणाल्या. "शाबास!"

भावेशने टेबलावरचं पत्र उचललं, दोनदा फाडलं आणि डिलनकडे न बघता म्हणाला, "सॉरी यार. मी पण लॉग बघून थांबलो." त्याच्याकडून एवढंच पुष्कळ होतं.

सामंतांकडे डिलनने एकदा पाहिलं आणि दार उघडून बाहेर गेला.

प्रेमलताबाई त्याच्या मागोमाग गेल्या. तो जिन्यात उभा होता.

"तू त्यांना खुर्चीत बसताना बघितलं होतंस."

"हो."

"दोन वाजून सहा मिनिटांनी?"

"बॅग भरत होतो. ते म्हणाले, तू जा, मेलचं मी बघतो."

बाईंचा पारा चढला. "अरे मूर्खा! सकाळी पॅन्ट्रीत हे एक वाक्य बोलला असतास तर माझा अख्खा दिवस वाचला असता! तुझी नोकरी जात होती, लग्न तोंडावर, आणि तू कपात बघत बसलास? का?"

डिलनने कठड्यावर हात ठेवला. डोळे भरले होते, पण त्याने ते पुसले नाहीत.

"वाटलं, सर स्वतः सांगतील," तो म्हणाला. "शनिवारी वाटलं. रविवारी वाटलं. आज ते चष्मा पुसत होते ना, तेव्हापर्यंत वाटत होतं."